फुगीची आई

“ओट्स आधी कोरडे भाजून घ्यायचे,” फुगीने टेबलाभोवतीच्या बायकांना सांगितलं. “मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत. माझी आई असंच करायची.”

लोणी फेटणाऱ्या तिच्या नर्स मैत्रिणीचा हात थबकला. फुगीची आई अजूनही चहासुद्धा दुसऱ्याच्या हातचा पिते. शाळेपासूनची मैत्री, त्या घरात काय शिजतं आणि कोण शिजवतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण क्लासचा पहिला दिवस, चारचौघींवर छाप पाडायची, लावलं असेल थोडं तिखटमीठ. तिने लोण्यात साखर घातली. फुगीच्या मदतीसाठीच तर तिने आज दवाखान्यातून सुट्टी घेतली होती.

फुगी आता रंगात आली होती. “वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना चावायचं नाही काही. मग आई त्यांच्यापुरत्या कुकीज जरा आधीच काढायची, मऊ असतानाच. घाईघाईत ओव्हनच्या दाराने मनगट भाजलं, तो डाग काही गेला नाही तिचा.”

त्या भाजलेल्या मनगटावर मलम नर्सने लावलं होतं. अंथरुणाला खिळलेले वडीलही तिचेच. फुगी तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे यायची, आणि नर्सची आई तिच्याही हातावर एक गरम कुकी ठेवायची.

“आता कशा आहेत आई?” एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

फुगीने मान खाली घातली. “मागच्या वर्षी गेली.”

बायका हळहळल्या. नर्स मिश्रणाचे गोळे ट्रेवर ठेवून तळहाताने चपटे करत होती. एक गोळा पार सपाट झाला.

कुकीज झाल्या मात्र झकास. बायकांनी डबे भरले, पुढच्या क्लासला येतोच म्हणाल्या आणि गेल्या. दोघीच उरल्यावर नर्स म्हणाली, “कृती घेतलीस, ठीक आहे. आई कशाला घेतलीस?”

“अगं, नुसत्या ओट्ससाठी कोण येतंय? काहीतरी गोष्ट लागते.” फुगी ट्रे पुसू लागली. “आणि मला काय ती परकी होती? आईसारखीच होती मला.”

“मग दवाखान्यात एकदा तरी यायचंस. सारखी तुझं नाव काढत होती.”

“मला नाही बघवत गं असलं काही. माहितीये तुला.”

नर्स काही बोलणार, तेवढ्यात चष्मेवाल्या बाई विसरलेली छत्री न्यायला परत आल्या. जाता जाता त्यांनी फुगीच्या पाठीवरून हात फिरवला. “तुमच्या आईचं ऐकलं आणि मला माझी आठवली हो.” मग नर्सकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही पाहिलं होतंत का त्यांना?”

फुगीने डोळ्यांनीच विनवलं.

“पाहिलं होतं,” नर्स म्हणाली. “जीव गेला तेव्हा उशाशी मीच होते.”

बाईंचे डोळे भरून आले. मग काहीतरी जुळत नाहीसं वाटून त्या फुगीकडे वळल्या.

“आणि तुम्ही?”

फुगीने पाठ फिरवून ओव्हन उघडला. आत काहीच नव्हतं.