इंजिन जाम आहे

सेल्फ मारला. टक्, एवढाच आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

मिस्त्रीनं पुन्हा ट्रकची किल्ली फिरवली. पुन्हा टक्. बॅटरी तर कोरी करकरीत होती. मग तो केबिनमधून खाली उतरला, इंजिनच्या पुढच्या पुलीला लांब पान्हा लावला आणि पाय रोवून अंगातलं सगळं बळ एकवटलं. पान्हा तसूभरही हलला नाही.

"जाम आहे," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "अकरा वर्षं उभी गाडी. पिस्टन गंजून धरले असणार. उद्या भंगारवाला येतोय म्हणता ना? येऊ द्या त्याला."

थोरल्या भावाला ते पटेना. इंजिन गंजणं शक्यच नव्हतं. धाकटा कामावर गेला की दर महिन्याला तो शेडचं दार आतून लावून घ्यायचा, सिलिंडरवरचे डिझेल फवारणारे सहा नोझल खोलायचा, प्रत्येक सिलिंडरमध्ये कपभर तेल सोडायचा आणि नोझल परत बसवायचा. जन्मभर नुसतं स्टिअरिंग धरलेल्या माणसानं उतारवयात ही विद्या एकट्यानं शिकली होती, दोन बोटांची सालटी काढून घेऊन. बायकोशिवाय कुणाला याचा पत्ता नव्हता.

ट्रक दोघा भावांचा. थोरला चालवायचा, धाकटा इंजिन बघायचा. शेवटच्या फेरीत चढावर इंजिन तापलं, कारण रेडिएटरमध्ये पाणीच नव्हतं. पाणी कुणी बघायचं होतं, यावरून भर रस्त्यात दोघांची जुंपली. वेळीच बंद केलं म्हणून इंजिन वाचलं, भाऊपण मात्र वाचलं नाही. एका अंगणात दोन दारं झाली आणि मध्ये हा ट्रक उभा राहिला. विकायला दोघंही तयार नव्हते, आणि पुन्हा चालवायचं आधी कोण बोलणार?

खरं तर त्या दिवशी पाणी बघायची पाळी थोरल्याची होती. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ट्रक सुरू झालाच, तर त्या आवाजाच्या आडोशानं तेवढं एक वाक्य भावाला सांगून टाकायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ट्रकच गेला तर दोघांनी एका छपराखाली उभं राहायला निमित्त तरी काय उरणार?

"वहिनी," बॉनेटच्या पलीकडून धाकटा म्हणाला, "मिस्त्रींना सांगा, आधी नोझल काढा आणि मग फिरवून बघा."

"त्याला म्हणावं, मिस्त्रींना कान आहेत," थोरला बायकोला म्हणाला. दोघा भावांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं.

"ऐकलं हो सगळ्यांनी," ती म्हणाली. ती दाराशी स्टूल टाकून बसली होती, नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तशी.

मिस्त्रीनं कुरकुरत सहाही नोझल काढले. धाकट्यानं केबिनमध्ये चढून सेल्फ मारला.

इंजिन गरगर फिरलं आणि सहा भोकांतून सहा कारंजी उडाली. तेल पत्र्याला जाऊन थडकलं, तिथून मिस्त्रीच्या टकलावर उतरलं आणि कानांमागून ओघळलं. थोरल्याचा पांढरा सदरा पिवळा झाला. तरी त्याला हसू आवरेना.

मिस्त्रीनं डोळे पुसले. "जाम कसलं डोंबलाचं! गळ्यापर्यंत तेल भरलंय, पिस्टन हलणार कुठे? कुणी ओतलं हे?"

"मीच," थोरला पुटपुटला. "महिन्याला कपभर. भंगारवाल्याचं हिनं सांगितलं आणि परवा जरा हात सैल सुटला. दोन कप गेले."

"दोन कपांत एवढा अभिषेक होत नाही, मालक. हे दुप्पट आहे."

केबिनमधून धाकट्याचं डोकं बाहेर आलं. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा साखरेच्या डब्यात हात सापडलेल्या पोराचा. "दादा, मी पण," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी, तू दुपारी झोपलास की. नोझल काढले की तेल दिसायचं. मला वाटायचं, माझंच टिकून राहतंय. म्हटलं, आपल्यामुळे पाणी राहिलं, निदान तेल तरी..."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं दादा म्हटलं होतं. थोरला ओरडलाच, "तुझ्यामुळे? पाळी माझी होती!"

"इंजिन माझ्याकडे होतं!"

"गाडीत बसण्याआधी बघायचं मी!"

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," मिस्त्री टक्कल पुसत म्हणाला. "तुमचा अजीर्णानं मरत होता. आता भांडण पुरे. बादल्या आणा."

इंजिनच्या तळाशी झिरपलेलं धरून दोन बादल्या तेल निघालं. नोझल परत बसले. दोनदा सेल्फ फुकट गेला. तिसऱ्यांदा ट्रकनं एक ढेकर दिला, शेड पांढऱ्या धुरानं भरली आणि पत्रे थडथडायला लागले. खोकत, डोळे चोळत दोघं भाऊ एकमेकांचे खांदे धरून उभे होते.

"अगं," थोरला त्या गोंगाटात बायकोला ओरडून म्हणाला, "त्या भंगारवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणावं!"

"बोलावलाय कुणी त्याला?"

दोघांच्याही माना एकदम वळल्या. "आणि वहिनी," धाकटा हळूहळू म्हणाला, "मला तेलाचे डबे तुम्हीच आणून देत होतात."

"मलाही हीच!" थोरला म्हणाला. "म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं? आणि अकरा वर्षं गप्प बसलीस?"

"काय करणार? तुम्ही म्हणालात, त्याला सांगशील तर माझी शपथ. भाऊजी म्हणाले, दादाला सांगाल तर माझी शपथ." ती स्टुलावरून उठली आणि पदर झटकत म्हणाली, "तेलाचं मी एक अक्षर बोलले नाही. फक्त मिस्त्री बोलावला."