तोफांचा आवाज

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फ्रिस्कोमधल्या एका शाळेत पाचवीचा वर्ग अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा इतिहास साजरा करत होता. एका किल्ल्यावर रात्रभर झालेल्या तोफांच्या माऱ्यातून हे गीत सुचलं, म्हणून मुलीच्या वर्गात मदतीला आलेल्या हेमांगीने स्पीकरवर तोफेचा आवाज लावला. ती लहान असताना शिवजयंतीला तोफ उडाली की सगळी पोरं टाळ्या पिटायची. तशाच टाळ्यांची ती वाट पाहत होती.

पहिल्याच आवाजाला मुलांनी दिवे बंद केले, दार लॉक केलं. बावीस मुलं दिसेनाशी झाली. एकही रडलं नाही.

टीचरने दिवे लावले, माफी मागितली. टेबलांखालून एकवीस मुलं बाहेर आली. हेमांगीची रेवा वर्गामागच्या सामानाच्या खोलीत आतून लॉक करून बसली होती.

"रेवा, अगं मी आहे. स्पीकर होता तो, बाळा. उघड ना."

तिने दारावर टकटक केलं.

"काकू, ती नाही उघडणार," रेवाची मैत्रीण आन्या समजावत म्हणाली. "शाळेत कुणी गन घेऊन आलं तर काय करायचं, त्या ड्रिलमध्ये सांगतात. आईचा आवाज आला तरी ओपन नाही करायचं. मे बी गनवाल्यानेच आईला बोलायला लावलं असेल."

दहा चाळीसला ऑफिसमधून किल्ली आली. हेमांगीने ती कुलपाला लावली. आत काहीतरी घाईघाईने दाराशी ओढल्याचा आवाज झाला. तिने किल्ली काढून घेतली.

दहा पंचावन्नला ती किल्ली मुठीत धरून दाराबाहेर जमिनीवर बसलेली होती. दार बंद होतं.