राहील तो डहाळा

“भाऊसाहेब, आज कसं मोजायचं? समद्याच दारात कडुनिंब हाय,” गुंडा शिपाई म्हणाला.

जोतीरामची पेन्सिल थांबली. आज पाडवा. रहिमतपुरात देवीची साथ येऊन दोन महिने झाले होते आणि साथीच्या दवाखान्याचं भांडार त्याच्याकडं होतं. देवी आलेलं घर कुणी कळवत नसे. पण दाराला कडुनिंबाचा डहाळा टांगल्यावाचून कुणाला राहवतही नसे. जोतीराम ते डहाळे मोजायचा. डहाळ्यामागं हातमोज्यांचे दोन जोड, तोंडावरच्या चार पट्ट्या. तेवढं साताऱ्याहून मागवायचं. उद्या सकाळी जीप जाणार होती. पुढची पंधरा दिवसांनी.

मागं एकदा त्यानं नुसत्या अंदाजानं आकडा घातला होता. तो कमी पडला. रंगुबाई आया चार दिवस उघड्या हातांनी पेशंटांची अंगं पुसत होती. मग त्याच खोलीत तिची खाट पडली, आणि परवा ती रिकामी झाली.

“संध्याकाळी मोजू,” जोतीराम म्हणाला. “गुढीबरोबर पाडव्याचा पाला उतरंल. मागं राहील तो देवीचा.”

“डोस्कं हाय बगा तुमाला!”

“तू आधी पट्टी नाकावर घे. वास कसला घेतोस?”

दुपारी तो परड्यातूनच घरी आला. मागंच कडकडीत पाण्यानं अंघोळ केली आणि पडवीत बसला. आठ दिवसांपासून शालूबाईचा तसा दंडकच होता.

“आवं, तितंच थांबा! उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई.”

दवाखान्यातून येणाऱ्या नवऱ्याला बायकोनं भ्यावं, यात नवल नव्हतं. त्यालाही तीच धास्ती होती.

तिनं ताट लांबूनच सरकवलं. डोक्याला फणी लागलेली नव्हती. ताटात पोळी नव्हती, आमटीला फोडणी नव्हती.

“सणाचं असलं अळणी?”

“गाव रडतंय, आन तुमास्नी पुरणपोळी पायजे व्हय?”

तो ओशाळला. लेक कुठं दिसत नव्हती. “अंजना कुटं हाय?”

“निजलीया.”

“कालबी निजलीवती.”

“उन्हाचं पोर निजंल न्हाईतर काय करंल?” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “आवं, हातमोज्यांचा एक जोड आणाल का? तुमची कापडं धुवाया.”

“मोजून हायत गं. घरी आणला तर तिकडं कुणाला तरी कमी पडंल. रंगुबाईचं बगितलंस न्हवं?”

शालूबाई ताट उचलून आत गेली.

दिवस मावळताना जोतीराम आणि गुंडा मोजायला निघाले. गुढ्या उतरत होत्या. काही दारांवर डहाळा राहत होता. त्या घरांतून धुपाचा वास यायचा, फोडणीचा नाही. 

“एकवीस,” गुंडानं टिपलं. “आता तुमची गल्ली ऱ्हायली.”

“चल. तसाच घरी वळतो मी.”

आठ दिवसांत तो पुढच्या बाजूनं गल्लीत आलाच नव्हता. पहिलं दार मोकळं. दुसरं मोकळं. तिसरंही.

“तुमच्या गल्लीवर किरपा हाय बगा, भाऊसाहेब,” गुंडा हसला आणि पुढं पाहून जागीच थांबला.

शेवटचं घर जोतीरामचं होतं. शालूबाईनं गुढी उतरवली होती. चौकटीवरचा डहाळा तसाच होता, आणि त्याची पानं आठ दिवसांची वाळलेली होती.