तेरा महिन्यांचं वर्ष

“यंदा अधिक श्रावण,” गुंडोमामांनी पंचांगातून वाचलं, आणि राघोत्तम तोंडातला कडुलिंब-गूळ तसाच ठेवून उभा राहिला.

“पुन्हा वाचा, मामा.”

“पुन्हा वाचलं म्हणून कमी होणार आहे का? श्रावण दोनदा. वर्ष तेरा महिन्यांचं.”

तिरुवल्लिकेणीतल्या त्या घरात युगादीच्या सकाळी मामांनी नवं पंचांग वाचायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असा रिवाज होता. आज मान डोलवायला दोघीच उरल्या. राघोत्तमची आई कनकाबाई पाटावर होत्या आणि त्यांची सून सरोजा स्वयंपाकघराच्या दारात. राघोत्तम कोठीच्या दाराकडे धावला होता.

त्या दारावर त्याचं अख्खं वर्ष चिकटवलेलं होतं. दिवसा कचेरीत कारकुनी करणारा हा गडी संध्याकाळी तालीमखान्यात बारबेल उचलायचा. सुरुवातीला वजन आठवड्याआठवड्याला वाढत गेलं. मग असं अडून बसलं की हलेना. आता आठवड्यांचा नाही, महिन्यांचा विचार कर, असं वस्तादांनी सांगितलं. तीन आठवडे चढायचं, चौथ्यात उतरायचं. उन्हाळ्यात हलकं वजन पुष्कळ वेळा, स्पर्धेच्या तोंडावर जड वजन मोजकं. स्पर्धा नोव्हेंबरअखेर. गेल्या साली तिथं दांडा डोक्यावर गेला आणि तसाच पाठीमागे पडला; बघायला सगळी कचेरी आली होती. यंदा ते व्हायचं नव्हतं.

आईच्या व्रतांनाही त्याने या तक्त्यात जागा दिली होती. चातुर्मासात त्या घरात एक महिना भाजी नसे, मग दही नसे, मग दूध, आणि शेवटी डाळ. ते महिने त्याने हिरव्या पेन्सिलीने हलके रंगवले होते, आणि चातुर्मास सुटल्यावरचे तीन आठवडे लालभडक. फक्त तारखा गेल्या वर्षीच्या पंचांगातून घेतल्या होत्या.

“मामा, चातुर्मास सुटतो ती कार्तिकातली द्वादशी कधी येते मग?”

मामांनी पानं उलटली. “तेवीस नोव्हेंबर. रविवार.”

“त्याच दिवशी स्पर्धा!”

“छान. पहाटे पारणं करून जा.”

“आणि आदल्या दिवशी?”

“एकादशी. पाणीसुद्धा नाही,” कनकाबाई म्हणाल्या.

राघोत्तम मटकन खाली बसला. सरोजाला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. चार दिवस ती त्याला एक गोष्ट सांगायला बघत होती. पण कचेरीतून आला की तालीम, तालमीतून आला की तक्ता. त्या रंगीत चौकटींत तिच्या बोलण्यापुरती रिकामी जागा तिला सापडत नव्हती.

“आई, चढतीच्या दिवसांत दूध नाही, आणि जडच्या दिवसांत डाळ नाही. कसं व्हायचं?”

“जड आहे ते आत्ताच उचलून घे की. चैत्र-वैशाख मोकळे आहेत.”

“वडे-सांडगे आहेत का ते? उन्हाळ्यात करायचे आणि डब्यात भरून वर्षभर खायचे? ताकद अशी साठत नाही गं.”

“मग टिकत नाही ती वस्तू करायचीच कशाला?”

“बीचवर सुंडल खाईन मी,” तो पुटपुटला.

“सुंडल चण्यांचीच ना? तीही डाळीतच आली. शिवाय उघड्यावरची.”

गुंडोमामांना भाच्याची दया आली. “अगं अक्का, शास्त्रात सवलत आहे. लहान मूल, आजारी माणूस, गरोदर बाई, बाळंतीण. यांना व्रत नाही.”

“हा यातला कोण?”

“मला मधूनमधून चक्कर येते,” राघोत्तम म्हणाला.

“अय्यो! परवा डोशाचा रगडा एकट्याने उचलून परसात नेऊन ठेवलास. शेजारचे तिघं आले, तरी जागचा हलला नाही तो. उन्हात बसून पीठ वाटतेय मी. आणि चक्कर येते म्हणे!”

मामा धोतराच्या सोग्यात तोंड घालून हसले. राघोत्तमने खिशातून पेन्सिल काढली आणि तक्त्यावरच्या लाल आठवड्यांकडे बघत राहिला. खोडरबर हातात घेतला. सरोजाला ते बघवेना.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “यंदा घरात दूध-डाळ ठेवावी लागेल.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती उंबऱ्याकडे बघत होती.

कनकाबाईंना दुसरं वाक्य लागलं नाही. त्या पाटावरून उठल्या, सुनेजवळ गेल्या, तिची हनुवटी वर केली. “कधी?”

“नवरात्राच्या सुमाराला.”

“म्हणजे कार्तिकात बाळंतीण. बरं झालं. माहेरी तुझं करणारं कुणी नाही, सगळं इथंच होईल.” कनकाबाईंचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला. “दूध येईल, तूप येईल. रोज डाळ शिजेल.”

“रोज?” राघोत्तम उडी मारून उठला. “कार्तिकातसुद्धा?”

“राघू!” कनकाबाई गर्रकन वळल्या. “बाप होणार आहेस तू! आणि विचारतोस काय, डाळ?”

राघोत्तम उभाच राहिला. एका हातात खोडरबर, दुसऱ्यात पेन्सिल. तो सरोजाकडे बघायला लागला, जणू ती आत्ताच या घरात आली होती. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“आणि ऐकून ठेव,” कनकाबाई म्हणाल्या, “डाळ तिच्यापुरती शिजेल. तुझ्या पानात पडायची नाही.”

सरोजा स्वयंपाकघरात जायला वळली होती, ती दारातच थांबली. चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाली, “एका माणसापुरती शिजवली तर भांड्याला लागते हो डाळ, आत्याबाई.”