दगडाची जागा

मंगळ कसा घडला हे शोधणाऱ्या तुदाला मंगळावरून पडलेला काळा दगड खुद्द बापानेच दिला होता. उरलेले तुकडे शोधायला ती विद्यापीठाची माणसं घेऊन आली. बापाने सांगितलेला, मोरोक्कोतल्या एर्फूद गावापलीकडचा माळ त्यांनी आठवडाभर पिंजून काढला, पण खडासुद्धा हाती लागला नाही.

"बाबा, चारचौघांत तोंडघशी पाडलंत मला!"

हद्दूने शांतपणे तिच्या पेल्यात पुदिन्याचा चहा ओतला. "अगं, तिथे पडलाच नव्हता तो. खरी जागा बाहेर सांगायची नसते. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव तुकडे वेचून विकायला तिथे लोटतो."

"मग खरी जागा माहीत तरी कुणाला आहे?"

"घरच्या सगळ्यांना आहे की! आत्ता परवा लग्न होऊन आलेल्या तुझ्या भावजयीलासुद्धा."