मागच्या आरशात

पीकविम्याचा कागद म्हणून तानाजीने थोरल्या भावाचा, बजरंगचा, अंगठा घेतला, त्याच्या वाट्याचं रान विकलं आणि ही लाल इटालियन गाडी आणली. बजरंगला वाटलं, धाकट्याचं नशीब उघडलं. शेजारी बसून तो सीटच्या मऊ कातड्यावरून हात फिरवत होता.

"लई देखनी हाय रं!"

तानाजीला त्याच्याकडे बघवेना. शिरूरच्या सरळ रस्त्याला त्याने गाडी सुसाट सोडली. इंजिनाच्या त्या भरदार आवाजात क्षणभर सगळं विसरायला झालं. मग त्याने आरशात पाहिलं.

मागून बजरंग चालत येत होता. अनवाणी, हात वर करून.

काटा दोनशेवर गेला, तरी तो तसूभरही मागे पडला नाही.

शेजारचा बजरंग वळूनही न बघता हळूच म्हणाला, "थांब की तान्या. कवाचा चालतोय त्यो."