काळ्या कोटाची गुंडी

गुंडी सापडली. कोटाच्याच आतल्या खिशात होती. काळी, चार भोकांची, रुपयापेक्षा मोठी.

साक्षी ती घेऊन पलंगावर बसली. मग कापश्याच्या छातीत काय अडकलं होतं?

कापश्या म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, उद्धवरावांचा कुत्रा. पांढरा, केसाळ, बारा वर्षांचा. आठवड्यापूर्वी सासरे, म्हणजे मामाजी, मुधोळला लेकीकडे गेले आणि जाताना त्याला सुनेच्या हवाली करून गेले. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा दिसणार. साक्षी यवतमाळकडची. लग्न होऊन गुडीहत्नूरला आली त्याला पाच महिने, पण घरात मराठीच चालायची, तेलुगू शब्दही येत होते पाचच. कोडलु म्हणजे सून. इल्लु म्हणजे घर, इंटि म्हणजे घरचा.

ऑटोत बसता बसता मामाजी शेजारच्या मल्लय्याला तिच्याकडे बोट दाखवून तेलुगूत बोलले, "मा कोडलु. मा इंटि गुंडे." दोघंही हसले. आमची सून, आमच्या घरची गुंडी. साक्षी उंचीनं चार फूट दहा, अंगानं गोल. माहेरी पोरी गुंडीच म्हणायच्या. ती पण हसली, पण ते तिला लागलं.

दुसऱ्याच दिवशी कापश्या खोकायला लागला. ती त्याला आदिलाबादला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर नवीन, वरंगलकडचा, हिंदी मोडकीतोडकी. त्यानं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, एक्सरे काढला, उजेडात धरला आणि मधल्या गोल सावलीभोवती बोट फिरवलं.

"गुंडे. बहुत बडा हो गया."

साक्षीला कोट आठवला. आदल्याच दिवशी तिनं मामाजींच्या काळ्या कोटाला इस्त्री केली होती आणि मधली गुंडी गायब होती. सावली मुठीएवढी दिसत होती, पण फोटो मोठा करून काढत असतील. तिचीच चूक. तिनं गुंडी पाडली, मुक्या जनावरानं गिळली.

"दो टाइम गोली. बंद नहीं करना," डॉक्टर म्हणाला. "सोते टाइम सांस गिनना. एक मिनट में तीस के ऊपर गया, तो तुरंत लाना."

तिनं गोळ्या दिल्या. वरून केळी चारली. रोज सकाळी काडी घेऊन त्याची शी उकरून पाहिली. गोळ्यांनी तो घरभर मुतत सुटला. तिला वाटलं, पाण्यासंगं गुंडी खाली येईल. मामाजींचा फोन आला की ती म्हणायची, "मजेत हाये, मामाजी."

आणि आता गुंडी हातात. म्हणजे छातीत काहीच नव्हतं. डॉक्टरचंच चुकलं. तिनं फरशी पुसली आणि गोळ्या बंद केल्या.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या सकाळी कापश्या आडवा होईना. पुढचे पाय फाकवून, मान ताणून बसून राहिला. तिनं मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले. बावन्न. पुन्हा मोजले. चौपन्न.

दवाखान्यात डॉक्टरनं आधी कापश्याच्या तोंडाला ऑक्सिजन लावला, सुई दिली, आणि मग तिच्याकडे वळला. "गोली?"

"बंद केली."

"क्यों?"

साक्षीनं मूठ उघडली. "गुंडी तं घरातच होती, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर गुंडीकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. फरशी पुसणाऱ्या चंपाबाईला त्यानं विचारलं, "क्या बोल रही?"

चंपाबाई इकडचीच, मराठी. "अवं माय, हे गुंडी कायले दाखवून राह्यली त्याईले?"

"त्याईनंच सांगतलं ना. छातीत गुंडी हाये, मोठी झाली म्हणून."

चंपाबाईनं पोछा खाली ठेवला. हसू आलं होतं, पण तिनं गिळलं. ओला हात पदराला पुसून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"गुंडे म्हंजे काळीज, बाई. तेलुगूत. त्याचं काळीज मोठं झालं."

मग डॉक्टर बोलत गेला आणि चंपाबाई सांगत गेली. आतली एक झडप म्हातारी झाली. नीट लागत नाही, रगत मागं येते, फुप्फुसात पाणी भरते. गोळी ते पाणी काढते. बरं होत नाही, पण गोळी चालू राहिली तर जगते. "तुटली गुंडी दोऱ्यानं लावता येते," चंपाबाई म्हणाली. "हे नाही येत. गोळी मरेपरेंत."

दुपारपर्यंत श्वास छत्तीसवर आले. कापश्यानं तिच्या मांडीवर मान टेकली. तेवढ्यात फोन वाजला. मामाजी.

"कापश्या कसा हाये, बाई?"

"बरा नाही, मामाजी. दवाखान्यात हावो. मी गोळ्या बंद केल्या होत्या. चूक माहीच." आणि तिनं गुंडीपासून सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, आता बोलणी बसतील.

"आन् तू?" मामाजी म्हणाले. "जेवली काय?"

साक्षीनं कापश्याच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली कापश्याचं काळीज धडधडत होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "जायच्या दिवशी तुमी मल्लय्याजवळ मले गुंडे म्हणलं होतं."

"म्हणलं होतं. काऊन, खोटं हाये का?"